त्या कॅनमध्ये बाळ नव्हतं

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होतो. म्हणाले, "तात्या, यंदा तुमची ती गोष्ट पाहिजे. कोरोनात दुधाच्या कॅनमध्ये घालून बाळ हद्दीपार नेलंत, ती."

मी म्हणालो, "लिहितो. पण कॅनमध्ये बाळ नव्हतं."

ते हसले. म्हातारा विनय करतोय, असं त्यांना वाटलं. गेली काही वर्षं सगळ्यांनाच तसं वाटतंय आणि त्यात बराचसा दोष माझा आहे. ही गोष्ट पहिल्यांदा भर सभेत सांगितली गेली तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीवर खांद्यावर शाल घेऊन बसलो होतो. तेव्हा मी काही बोललो नाही. शाल चांगली होती.

तर आता सगळं जसं झालं तसं लिहितो. ज्यांना कॅनमधलं बाळ फार आवडतं त्यांनी पान उलटून पुढची कथा वाचायला घ्यावी. माझी हरकत नाही.

मी दूध संघाच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. आमचं शीतकरण केंद्र परळीच्या बाजूला. तिथून रिकामे कॅन घेऊन निघायचं, धर्मापुरीकडची गावं करत जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत जायचं, हद्दीपलीकडे लातूर जिल्ह्यातल्या हिवरवाडीत शेवटचे कॅन उचलायचे आणि माघारी फिरायचं. सकाळी एक खेप, संध्याकाळी एक खेप. बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे मजेत गाडी हाकणं वाटतं. पण दूध काढलं की त्या क्षणापासून ते नासायला लागतं. थंड टाकीत पडेपर्यंत ते आणि ड्रायव्हर यांची शर्यत असते. हिवाळ्यात दूध थोडी दयामाया दाखवतं. आमच्या उन्हाळ्यात अजिबात नाही. म्हणून दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर कुणाच्या लग्नात जेवायला थांबत नाही, मयतीला गेला तरी गाडी चालू ठेवून हात जोडून येतो. माझ्या स्वतःच्या साखरपुड्याला मी कॅनसकट गेलतो. सासरे म्हणाले होते, "पोरगा कामाचा दिसतो." सासूबाई म्हणाल्या, "पोरगा वासाचा दिसतो."

गाव तिथे संकलन केंद्र. केंद्र म्हणजे एखाद्याच्या ओसरीवर एक टेबल, मापं, दुधाची डिग्री बघायची काचेची नळी आणि फॅट काढायचं यंत्र. ते चालवणारं माणूस खमकं लागतं, कारण दूध घालणारा प्रत्येक जण त्याचा भाऊबंद असतो आणि प्रत्येकाच्या दुधात कधी ना कधी पाणी असतं. हिवरवाडीचं केंद्र सरूबाईंकडे होतं. नवरा वारल्यावर त्यांनी ते घेतलं. माझ्या सगळ्या लाईनवर त्यांच्यासारखं केंद्र नव्हतं. सख्ख्या दिराचं दूध त्यांनी भर रांगेतून परत पाठवलेलं मी पाहिलंय. दीर म्हणाला, "वैनी, म्हैस पाणी लई प्याली हो आज." सरूबाई म्हणाल्या, "मग म्हशीला सांगा, पचवून दूध दे म्हणावं."

दुधाच्या गाडीतून नुसतं दूध जात नाही, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. एसटी चुकली, जीप भरली, की गाडी आमची. लग्नाच्या पत्रिका, बियाण्याची पिशवी, नातवाचा डबा, कोंबडा, पंपाचं वायंडिंग, सगळं मी नेलंय. एकदा टाकळीच्या एका आजोबांची कवळी परळीच्या डॉक्टरांकडून आणली आणि चुकून दुसऱ्याच आजोबांच्या दारात दिली. चूक कळल्यावर परत मागायला गेलो तर ते म्हणाले, "न्हाई देत. मला बसली की बे! काल हरभरा खाल्ला." शेवटी पहिल्या आजोबांसाठी नवीन कवळी करावी लागली.

एवढं सगळं हलत असायचं, कारण आमच्याकडचा माणूस एका जागी राहूच शकत नाही. दसरा झाला की निम्मी गावं कारखान्याच्या ट्रकात बसून ऊसतोडीला खाली, पश्चिमेकडे. उन्हाळ्यात परत. दुष्काळ पडला तर माणसं जनावरं घेऊन चारा छावणीत, तिथंच राहायला. एका दुष्काळात माझ्या लाईनवरची तीन गावं छावणीत जाऊन बसली होती, तेव्हा मी गावात न जाता छावणीतच दूध उचलायचो. लातूर, परभणी, बीड या हद्दी म्हणजे कागदावरच्या रेघा. रस्त्यावर हद्द आल्याचं आम्हाला एवढंच कळायचं, की बीडचे खड्डे संपून लातूरचे खड्डे सुरू झाले. टाकळी आमच्या जिल्ह्यातलं शेवटचं गाव, हिवरवाडी त्यांचं पहिलं. मधे अर्ध्या कोसाचं शिवार. टाकळीच्या कितीतरी जणांची रानं हिवरवाडीत, हिवरवाडीच्या लेकी टाकळीत.

मग ते वर्ष आलं. एका दिवसात एसटी थांबली, जीपा थांबल्या, परळीचं स्टेशन ओस पडलं. रस्त्यावर मी आणि कुत्री. माझ्या गाडीच्या काचेवर अत्यावश्यक सेवेचा पास चिकटवला होता आणि मला उगाच कलेक्टर झाल्यासारखं वाटत होतं. दिवसातून दोनदा मी रिकाम्या रस्त्यावरून जायचो आणि माणसं दारात उभी राहून गाडीकडे बघायची, जत्रेत पाळण्याकडे बघतात तशी.

थोड्याच दिवसांत हद्दीवर पोलीस आले आणि टाकळी आणि हिवरवाडी, जी गेली कित्येक वर्षं एका पाणंदीवरून भांडत होती, त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं. रस्ता खणायचा. टाकळीला वाटत होतं रोग लातूरकडून येणार, हिवरवाडीला वाटत होतं बीडकडून. दोन्हीकडचे गडी टिकाव-फावडी घेऊन आले. मी गाडीत बसून बघत होतो.

आता गंमत अशी, की आमच्या माणसांना चर म्हटलं की एकच चर माहीत. दुष्काळी कामावर आयुष्यभर तोच खणला. पाणी अडवायचा, जिरवायचा. हाताला तीच सवय. त्यांनी दोन्ही बाजूंना छान उतार दिला. माती खालच्या अंगाला टाकून नीट बांध घातला. पाट्या घेऊन बायांना वर येता यावं म्हणून कडेला पायऱ्या सोडल्या, जरी त्या दिवशी कामावर एकही बाई नव्हती. एकाने तर पातळी बघायला पाण्याची नळी आणली. नाक्यावरचा पोलीस कमरेवर हात ठेवून बराच वेळ त्या कामाकडे बघत होता.

"अहो, हा चर कुणाला अडवणार?" त्यानं विचारलं.

टाकळीचा नामदेव घाम पुसत म्हणाला, "पाऊस पडू द्या, साहेब. थेंब पुढं जाणार न्हाई."

तरी अडवायचं काम त्या चरानं केलं, कारण खरी भिंत चराची नव्हती. दोन्ही गावांनी ठरवलं होतं, जो कोणी हद्द ओलांडून येईल त्याला चौदा दिवस शाळेत ठेवायचं. रात्रीबेरात्री रानातून कुणी आलं तरी सकाळी गावाला कळणारच. गावात लपून काय राहतं? त्यामुळे माणसं चरापर्यंत यायची आणि थांबायची. बंदी फक्त मला नव्हती. चरावर एक फळी टाकली होती. गाडी टाकळीच्या बाजूला उभी करायची, फळीवरून पलीकडे जायचं, हिवरवाडीचे भरलेले कॅन बैलगाडीतून चरापर्यंत आणलेले असायचे, ते फळीवरून ओढून अलीकडे घ्यायचे. दोन जिल्ह्यांमध्ये येजा करणारा तेवढ्या भागातला एकटा माणूस मी.

लोकांनी मग रिकाम्या कॅनला पोस्ट केलं. धुतलेले कॅन आम्ही नेहमी पालथे ठेवतो. उलटा न ठेवता झाकण लावून सरळ ठेवलेला रिकामा कॅन दिसला की समजायचं, आत काहीतरी आहे. औषधाच्या गोळ्या, चष्मा, लेकीसाठी कुरड्या, मुलाच्या मुंजीची रद्द झालेली पत्रिका. टाकळीच्या न्हाव्याची सासुरवाडी हिवरवाडीत. तो तिकडेच अडकला आणि त्याची हत्यारं टाकळीत. हत्यारं कॅनमधून हिवरवाडीला गेली. हिवरवाडीचे गडी महिनाभर दर संध्याकाळी चराच्या काठावर भांग पाडून उभे राहायचे आणि टाकळीकरांना दाखवायचे. टाकळीत तेव्हा शाळेचे गुरुजी कातरीनं केस कापत होते. नामदेवच्या मागच्या बाजूला त्यांनी जे केलं ते बघून पोलीसही तोंड फिरवून हसला.

इथवर सगळं हसण्यासारखं आहे. आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

सरूबाईंची मुलगी मंगल आणि जावई बालाजी टाकळीत राहायचे. दोघं ऊसतोडीला गेलेले. दोन वर्षांची राणी आजीकडे हिवरवाडीत ठेवलेली. आमच्याकडे असंच असतं, धुराळ्यात, थंडीत, कोयत्याच्या मागे बाळ कुठे फिरवणार? एप्रिलमध्ये कारखान्यावरून ट्रक आला, त्यात ही दोघं आली. गावानं त्यांना शाळेत ठेवलं. चौदा दिवस झाले, आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी तपासून मोकळं केलं. पण मधे चर. मंगल तिकडे गेली तर हिवरवाडी तिला पुन्हा शाळेत ठेवणार, राणीला इकडे आणलं तर टाकळी तिला. सरूबाई इकडे आल्या तर त्यांना परत घेणार नाहीत, आणि केंद्र बंद, म्हणजे सगळ्या हिवरवाडीचं दूध बंद.

रोज संध्याकाळी कॅन येण्याच्या वेळी मंगल अलीकडच्या काठावर येऊन उभी राहायची. पलीकडे राणीला कडेवर घेऊन सरूबाई. पोरगी आईला ओळखेना. मंगल हाका मारायची, "राणे, ए राणे, बघ की गं इकडं!" आणि राणी माझ्याकडे बघून हात हलवायची, कारण तिला दुधाची गाडी माहीत होती. मंगल हसायची, पण त्या हसण्याकडे बघवायचं नाही. मी कॅन ओढत राहायचो.

एके दिवशी सरूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तात्या, तुमी ह्या फळीवरून येता-जाता. तुमाला कुणी इचारत न्हाई. ह्या पोरीला उचला, तिकडं आईच्या मांडीवर ठेवा. तुमचं कॅन गाडीत चढवूस्तर. मग आणून द्या परत. एवढंच."

मी म्हणालो, "सरूबाई, पास दुधाचा आहे. माणसाचा नाही."

"ही काय माणूस हाय? एवढीशी हाय."

"कुणी तक्रार केली तर? माझं शेवटचं वर्ष आहे. रिटायर व्हायच्या तोंडावर डाग नको."

सरूबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "बरं." आणि कॅनचं झाकण दाबून बसवलं. त्यांना बोलायचं असतं तर पुष्कळ बोलता आलं असतं. कारण त्याच आठवड्यात काय झालं होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आमच्या संघाच्या चेअरमनसाहेबांचे व्याही लातूरकडे अडकले होते. साहेबांचा फोन आला, "तात्या, पाव्हण्यांना घेऊन या तेवढं." सत्तरीचे, सोन्याच्या काडीचा चष्मा, मोठं पोट. मी त्यांना हात धरून फळीवरून आणलं. फळी मधे वाकली, मी मनात सगळे देव आठवले. डोक्यावर संघाची टोपी घातली, हातात कॅन दिला. पोलिसानं विचारलं, "हे कोण?"

"नवा क्लीनर आहे," मी म्हणालो.

पोलीस म्हणाला, "दूध बरंच पितो वाटतं तुमचा क्लीनर." आणि सोडलं. व्याही वाटेत मला म्हणाले, "ड्रायव्हर, हा कॅन आता खाली ठेवला तर चालेल का?"

तेव्हा माझा पास माणसाचा झाला होता. राणीसाठी तो परत दुधाचा झाला. हे मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

सरूबाईंना नाही म्हणालो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टाकळीच्या बाजूला गाडी लावली तर चरापाशी गर्दी. पुढे जाऊन बघतो, तर सरूबाई चरात. खाली, तळाशी, पोतं अंथरून मांडी घालून बसलेल्या, मांडीवर राणी. पलीकडच्या काठावर कॅन तसेच, बैलगाडी तशीच. पोलीस वरून हात करत होता.

"बाई, वर या! हद्द ओलांडता येत नाही, माहीत नाही का?"

"मी कुठं वलांडली?" सरूबाई शांतपणे म्हणाल्या. "वलांडली म्हंजी तिकडं वर चढले आस्ते. मी चढले का? मी आपली चरात बसलेय. आन् हिकडून माजी लेक चरात उतरंल. ती बी वलांडत न्हाई. ती बी चरात बसंल. मंग आमी दोगी आपापल्या बाजूनं वर जाऊ."

पोलिसानं टोपी काढली, पुन्हा घातली. "मग चर कुठल्या जिल्ह्यात येतो?"

आता हा प्रश्न आमच्या माणसांना विचारायचा म्हणजे! टाकळीकर म्हणाले, आमच्यात. हिवरवाडीकर म्हणाले, आमच्यात. पाणंदीचं भांडण पुन्हा तोंड काढतंय असं दिसताच पोलीस म्हणाला, "राहू द्या, राहू द्या. आशाताई, ही मुलगी तपासलेली आहे का?"

"हाय की. चौदा दिस काढल्यात तिनं. ताप न्हाई, खोकला न्हाई," आशाताई काठावरून म्हणाल्या.

मंगल पायऱ्या उतरली. त्या पायऱ्या, पाट्यावाल्या बायांसाठी सोडलेल्या. तोंडाला पदर बांधलेला. तिला बघून राणीनं आजीच्या कुशीत तोंड खुपसलं. मंगलनं जवळ बसून पदर सोडला. पोरगी बघत राहिली. मग मंगलनं हात पुढे केला, त्यात उसाचं एक कांडं होतं, सोलून बारीक केलेलं. कारखान्यावरून येताना आणलेलं नव्हतं, इतके दिवस कसं टिकणार? टाकळीतच कुणाच्या तरी रानातलं. राणीनं ते घेतलं, चोखलं आणि आजीच्या मांडीवरून सरकत सरकत त्या नव्या बाईच्या मांडीवर जाऊन बसली, जणू ऊस खायला ती जागा जास्त बरी होती.

काठावरचे सगळे वाकून बघत होते. नामदेव डोळे पुसत होता आणि म्हणत होता, "काय धूळ हाय बे."

आणि मी? मी मागच्या मागे गाडीकडे गेलो. चरात माणसं बसली आहेत, पोलीस आहे, उद्या हे कुणी साहेबांपर्यंत नेलं तर दुधाचा ड्रायव्हर तिथं होता हे निघणार, आणि मग क्लीनरचंही निघेल. हा हिशेब माझ्या डोक्यात होता. बैलगाडीवरचे भरलेले कॅन मला दिसत होते. मी दोन हाका मारल्या असत्या तर चार गड्यांनी उचलून दिले असते. मी गाडी सुरू केली आणि निघून आलो.

ते उन्हाळ्यातलं दूध. रात्रभर हिवरवाडीत राहिलं. सकाळी सगळं फाटलेलं. ऑफिसात विचारलं, "हिवरवाडीचं संध्याकाळचं दूध का नाही?" मी म्हणालो, "केंद्र चालवणारी बाई जागेवर नव्हती." अक्षर न अक्षर खरं होतं. त्यावर सरूबाईंचं केंद्र काढून घेतलं आणि हिवरवाडीचं दूध घेणंच बंद झालं. त्यांच्या बाया मग डोक्यावर चरव्या घेऊन पुढच्या गावी चालत जाऊ लागल्या.

चर मात्र चालू राहिला. दुसऱ्या दिवसापासून पोलिसानंच वेळ ठरवून दिली. संध्याकाळी जे तपासलेले आहेत त्यांनी चरात उतरायचं, अंतर ठेवून बसायचं, आपापल्या बाजूनं वर जायचं. हिवरवाडीच्या लेकी आणि टाकळीच्या आया तिथं येऊन बसायच्या. कुणी गोधडी आणायचं, कुणी चहाची किटली. एक साखरपुडासुद्धा झाला, मुलगा या उतारावर, मुलगी त्या उतारावर. जिल्ह्यात सगळीकडे माणसं घरात कोंडलेली आणि इथं दुष्काळी कामाच्या चरात गप्पा रंगलेल्या. पहिला मोठा पाऊस आला तेव्हा त्यात कमरेएवढं पाणी साठलं. नामदेव सगळ्यांना हाताला धरून दाखवायला नेत होता.

कॅनमधलं बाळ टाकळीच्या चहावाल्यानं जन्माला घातलं. कुणीतरी विचारलं, "राणी आईपाशी आली कशी?" तो म्हणाला, "दुधाच्या कॅनमधून. तात्यानं आणली." सगळे हसले. पुढच्या गावात हसू गळालं आणि गोष्ट उरली. वर्षभरानं संघानं कोरोना योद्धे म्हणून सत्कार ठेवला, तेव्हा चेअरमनसाहेबांनी ती माइकवरून सांगितली. "आपल्या तात्यांनी नोकरीची पर्वा न करता..." टाळ्या. शाल. नारळ. मी खाली मान घालून बसलो, तर लोकांना वाटलं संकोच वाटतोय.

मी रिटायर झालो. एक म्हैस घेतली, दूध घालणारा सभासद झालो. लग्नात, बारशात कुणी ना कुणी ती गोष्ट काढायचं. एका लग्नात सरूबाई समोरच्या पंगतीत होत्या. शेजारच्या बाईनं त्यांना विचारलं, "व्हय गं, तुजी नात तात्यानं कॅनमंदी नेली?" सरूबाई भाकरी मोडत म्हणाल्या, "त्येच सांगतील." त्यांनी एवढंच म्हटलं. मी वाढप्याला हाक मारली आणि नको असलेला भात वाढून घेतला.

यंदाच्या सर्वसाधारण सभेला मी घरून एक जुना कॅन घेऊन गेलो. विषय वाचून झाले आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' आला. हा विषय नेहमी चहाच्या आधी येतो, त्यामुळे कुणी काही बोलत नाही. मी उठलो, कॅन टेबलावर ठेवला.

"मंडळी, याचं तोंड बघा. यात दोन वर्षांचं लेकरू जाईल का? डोकं गेलं तर खांदे अडकतील. मी बाळ नेलेलं नाही. ती गोष्ट खोटी आहे."

हशा. चेअरमनसाहेब माइक ओढून म्हणाले, "बघा, मोठेपण घ्यायची तयारी न्हाई माणसाची! ह्याला म्हणतात विनय." आणि टाळ्या पडल्या. मी म्हणालो, "विनय नाही, खरं सांगतोय." पुन्हा टाळ्या. खोटं बोललो असतो तर इतकं कठीण गेलं नसतं.

मग मी म्हणालो, "बरं, मी एक माणूस नेला होता. पण तो बाळ नव्हता. तो साहेबांचा व्याही होता."

आता टाळ्या थांबल्या. मी सगळं सांगितलं. टोपी, कॅन, क्लीनर. मग राणीला नाही म्हणालो ते. मग चर. मग भरलेले कॅन बघून गाडी चालू केली ते. "दूध सरूबाईंमुळे नासलं नाही. माझ्यामुळे नासलं. ऑफिसात मी अर्धंच सांगितलं."

साहेब मिशीवरून हात फिरवत होते. मागच्या रांगेत हिवरवाडीच्या बाया बसल्या होत्या, त्यांच्यातून सरूबाई उठल्या.

"साहेब, व्याह्याचं ऱ्हाऊ द्या. घरचा माणूस, कुणी बी आणील. कॅनचं बी ऱ्हाऊ द्या. आमचं केंद्र कावून बंद हाय, तेवढं सांगा. आमच्या बायांच्या माना मोडल्या चरव्या वाहून."

साहेबांच्या समोर एवढ्या बाया. त्यांनी शेजारच्या सचिवाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिवरवाडीचं केंद्र सरूबाईंकडे पुन्हा सुरू करायचं. सर्वानुमते मंजूर. चहा आणा."

बाहेर पडताना मी सरूबाईंपाशी गेलो. त्याच म्हणाल्या, "लई उशीर केलात, तात्या."

"हो," मी म्हणालो.

"व्याही खरंच कॅन धरून बसलता काय वो वाटभर?"

"परळीपर्यंत."

त्या इतक्या हसल्या की बरोबरच्या बाया वळून बघायला लागल्या.

केंद्र सुरू झालं त्या पहिल्या सकाळी मी म्हशीचं दूध घेऊन हिवरवाडीला गेलो. टाकळीचं केंद्र मला जवळ, तिथं घालता आलं असतं, पण मला तिकडेच जायचं होतं. रस्ता आता बुजवून डांबरी झाला आहे, हद्द कुठे गेली ते कळत नाही. ओसरीवर रांग होती. राणी शाळेचा गणवेश घालून पायरीवर बसली होती. पुस्तक उघडं आणि लक्ष रांगेकडे. सरूबाईंनी माझ्या बादलीतलं दूध काचेच्या नळीत घेतलं, डोळ्यासमोर धरलं, माझ्याकडे पाहिलं. मग दूध बादलीत परत ओतलं.

"डिग्री बसत न्हाई, तात्या. पातळ हाय."

"अहो, पाणी नाही घातलं. बादली धुतलेली तशीच राहिली असेल, निथळली नसेल."

"मंग उद्यापास्नं निथळून आणा. परत न्या हे."

मागचे हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "तात्याचं दूध परत? शालवाल्याचं?" मी बादली उचलली आणि बाजूला झालो. ती परत घरी नेताना मला फार दिवसांनी हलकं वाटलं. पाठीमागे सरूबाईंचा आवाज येत होता, "चला, पुढचं कोण?"